उघडा निरखनामा

व्यापारउदीम ज्या काळापासून चालत आला आहे त्या काळापासून, दूरच्या पेठेतील निरख आपल्याला इतरांच्या एक दिवस आधी कळावा यासाठी माणसांनी जासूद पाळले, हुंड्यांबरोबर चिठ्ठ्या धाडल्या, तारायंत्र आल्यावर तारांवर पैसा खर्च केला, आणि अशा रीतीने मिळवलेली बातमी तिजोरीतल्या ऐवजाइतकीच जपून स्वतःपाशी ठेवली. त्यामुळे बाजाराविषयीचे ज्ञान हे स्वभावतःच खासगी असते, ते विकत घ्यावे लागते आणि ज्याची ऐपत असेल त्यालाच ते लाभते, असा समज व्यापाऱ्यांप्रमाणे अभ्यासकांच्याही मनात रुजला असल्यास नवल नाही. माझ्या नोकरीचा बराचसा काळ याच समजाच्या चाकोरीत गेला. बाजारपेठांचे सर्वेक्षण हा माझा पेशा. नाशिक जिल्ह्यातील कांदा आणि टोमॅटो यांच्या पेठांत हिंडून आवक पाहावी, लिलावाच्या रांगेबरोबर चालत भाव टिपावेत, गावोगावच्या कांदाचाळींत किती माल शिल्लक आहे याचा अदमास घ्यावा आणि त्या सर्वांचा गोषवारा, ज्या पेढीने मला नेमले होते तिच्याकडे, संध्याकाळच्या आत रवाना करावा, असा माझा नित्यक्रम असे. पेढी त्या गोषवाऱ्यांवरून अहवाल सिद्ध करी आणि तो निर्यातदारांना, मोठ्या साठवणदारांना व कांदा वाळवून त्याची भुकटी करणाऱ्या कारखानदारांना वार्षिक वर्गणीने देई.

पेढीचा व्यवहार चोख होता आणि ज्ञानासाठी श्रम करणाऱ्याने त्या श्रमाचे मोल घ्यावे यात मला तेव्हाही गैर वाटले नाही, आजही वाटत नाही. परंतु एक गोष्ट मनाला सारखी टोचत राही. तो अहवाल ज्यांच्या तोंडून उभा राही ते हमाल, तोलार, बाजार समितीचे कारकून, ट्रॅक्टरच्या टपावर बसून आपल्या पुकाऱ्याची वाट पाहणारे शेतकरी, खळ्यावर कांदा निवडणाऱ्या बाया, या सर्वांनी मला जे सांगितले ते विनामूल्य सांगितले. अमक्या शिवारात गारपिटीने पात झोडपली, तमक्या गावात चाळीतला माल मोड धरू लागला, गेल्या आठवड्यापासून बांगलादेशाच्या गाड्या भरणे मंदावले, ही माहिती ते मला चहाच्या टपरीवर, उभ्याउभ्या, कोणताही आडपडदा न ठेवता देत. आणि त्या शेकडो तोंडांनी सांगितलेल्या गोष्टींचा एकत्र केलेला अर्थ मात्र त्यांच्यापैकी एकाच्याही दृष्टीस पडत नसे. एका वर्षी उन्हाळ कांद्याच्या शिलकेविषयीचा अहवाल वर्गणीदारांच्या हाती पडला त्याच आठवड्यात खरेदीचा रोख बदलला. ज्यांच्या चाळी मोजून तो अहवाल झाला होता त्यांना हा रोख का बदलला हे समजण्यास कोणताही मार्ग नव्हता. मी त्यांच्याच अंगणात उभा राहून मोजणी केली होती, आणि तरीही ‘भाऊ, पुढं काय दिसतं?’ या त्यांच्या साध्या प्रश्नाला उत्तर देण्याची मला मुभा नव्हती.

पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची जुनी प्रकाशने तिच्या ग्रंथालयाने संगणकावर उतरवून सर्वांना वाचण्यास खुली केली, तेव्हा १९३३ साली प्रसिद्ध झालेले पुण्याच्या फळबाजाराचे सर्वेक्षण माझ्या वाचनात आले. संस्थेची स्थापना १९३० ची. म्हणजे संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी कार्यारंभीच हाती घेतलेल्या कामांत एका शहराच्या फळबाजाराची तपासणी होती. त्यानंतर १९४० साली वाई तालुक्यातील शेतीव्यवसायाची पाहणीही त्यांच्याच नावे प्रसिद्ध झाली. बाजार आणि शेत यांचे असे बारकाईचे निरीक्षण कोणा एका गिऱ्हाईकासाठी न करता छापून लोकांपुढे ठेवावे, ही कल्पना आपल्याकडे इतकी जुनी आहे याचे मला अतिशय समाधान वाटले. आणि जे काम मी रोज करीत होतो त्याला एक वेगळा वंश आहे, तो केवळ व्यापारी हेरगिरीच्या घराण्यातला नाही, हे प्रथमच स्पष्ट झाले.

किंबहुना निरख उघडा असावा हे तत्त्व आपल्या कायद्यातही कधीच दाखल झालेले होते. वऱ्हाडात कारंजा येथे १८८६ साली नियंत्रित कापूसबाजार सुरू झाला, १८९७ मध्ये वऱ्हाडच्या कापूस व धान्य बाजारांचा कायदा आला, १९२८ च्या शाही कृषी आयोगाने अशा बाजारांची सर्वत्र शिफारस केली आणि स्वातंत्र्यानंतर महाराष्ट्राने १९६३ चा कृषी उत्पन्न पणनाचा कायदा केला. या साऱ्या खटाटोपाचा गाभा एवढाच, की रुमालाखाली बोटे दाबून सौदा ठरू नये, तो चारचौघांत पुकारला जावा आणि वजन सरकारमान्य काट्यावर व्हावे. पुढे केंद्रीय कृषी खात्याने मार्च २००० मध्ये ‘अॅगमार्कनेट’ सुरू करून देशभरच्या बाजार समित्यांतील रोजची आवक आणि भाव प्रसिद्ध करण्याची व्यवस्था केली, आणि २०१२ पासून सरकारच्या मुक्त विदा संकेतस्थळावरूनही माहितीचे संच कोणालाही उतरवून घेता येऊ लागले. तेव्हा आकडा मिळत नव्हता असे कोणी म्हणू नये. उणीव निराळीच होती, आणि ती काय होती हे समजावे म्हणून कांद्याचा भाव म्हणजे प्रत्यक्षात काय असते याची थोडी फोड करणे अवश्य आहे.

शासकीय नोंदीत प्रत्येक जिनसाचे किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन भाव असतात. यांतील सर्वसाधारण भाव म्हणजे दोन टोकांची सरासरी नव्हे; ज्या भावाने त्या दिवशी अधिकांत अधिक माल गेला तो सर्वसाधारण. वर्तमानपत्राच्या मथळ्यात मात्र बहुधा कमाल भाव झळकतो, आणि तो कमाल भाव कित्येकदा संपूर्ण बाजारात एखाद्याच गाडीला, उत्तम वाळलेल्या, एकसारख्या आकाराच्या, तांबूस चमक असलेल्या मालाला मिळालेला असतो. किमान भाव हा बहुधा खादीचा, म्हणजे डागी, जोड किंवा मोड आलेल्या मालाचा. गोल्टीचा, म्हणजे लहान आकाराच्या कांद्याचा, भाव आणखी निराळा. आता एखाद्या शेतकऱ्याने मथळा वाचून आपल्या गोल्टीसाठी कमाल भावाची अपेक्षा धरली, तर बाजारात त्याची निराशा अटळ. आणि त्या निराशेतून आपणांस लुबाडले गेले अशी जी भावना उपजते ती कधी खरी असते, कधी नसते, परंतु ती खरी की खोटी हे पारखण्याचे साधन त्याच्यापाशी नसते. तसेच लाल कांदा, रांगडा आणि उन्हाळ या तिन्ही हंगामांचा माल काही आठवडे एकाच आवारात एकत्र येतो. त्या संधिकाळात नुसता ‘कांदा’ एवढाच शब्द लिहून दिलेला भाव कोणत्या कांद्याचा हे कोणी सांगावे?

पेठापेठांतील भेद तर याहून गहन आहे. लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला या बाजारांत माल ट्रॉलीत वा पिकअपमध्ये सुटा येतो, व्यापारी आणि समितीचे कर्मचारी वाहनांच्या रांगेबरोबर पुढे सरकत बोली लावतात, सौदा ठरला की शेतकऱ्याच्या हाती सौदापट्टी येते, वाहन भुईकाट्यावर तोलले जाते आणि मग व्यापाऱ्याच्या खळ्यावर रिकामे होते. सोलापुरास आणि पुण्यास माल गोणीत भरून जातो व अडत्यामार्फत विकला जातो. वाशीच्या घाऊक बाजारातल्या भावाच्या पोटात निवड, गोणी, भरणी, वाहतूक आणि मधल्या हातांचा नफा हे सारे गुंतलेले असते. पिंपळगावाचा टोमॅटो जाळीवर विकला जातो; दुसरीकडे तोच किलोवर वा क्विंटलवर. अशा स्थितीत लासलगावचा आकडा आणि वाशीचा आकडा शेजारीशेजारी मांडून दोहोंमधील अंतर म्हणजे दलालांनी गिळलेली रक्कम असे जाहीर करणे फार सोपे असते, आणि हे मी थोरामोठ्यांच्या भाषणांतून पुष्कळदा ऐकले आहे. परंतु तो हिशेब नव्हे. कोणत्या मालाचा, कोणत्या सत्रातला, कोणत्या मापाचा, कोणाचा खर्च धरून वा वगळून, हे सांगितल्याखेरीज आलेला भाव नाव-गाव न घातलेल्या टपालासारखा असतो: कागद खरा, मजकूर खरा, पण तो कोणास लागू पडतो हे कोणालाच उमगत नाही.

पेढीची नोकरी सोडल्यानंतर काही समविचारी मंडळी एकत्र आली. एक कृषी महाविद्यालयातील अध्यापक, त्यांचे काही विद्यार्थी व विद्यार्थिनी, दोन-तीन गावांतील शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक, एक वाहतूकदार, एका बाजार समितीतून सेवानिवृत्त झालेले कारकून, आणि स्वेच्छेने सामील झालेला एक तरुण व्यापारी, अशी ती मंडळी. आंतरजालावर एक सामायिक तक्ता उघडावा, ज्याने त्याने आपापल्या पेठेत स्वतः पाहिलेले त्यात नोंदवावे, आणि तो तक्ता कोणासही विनामूल्य पाहता यावा, एवढीच मूळ योजना. पेढीच्या कागदांतील एक ओळही आम्ही त्यात घेतली नाही. ती तिची मालमत्ता होती, आणि उसन्या पायावर मोकळे ज्ञान उभे करण्यात मला सचोटी दिसत नव्हती. जे काही असेल ते नव्याने, आपल्या डोळ्यांनी पाहिलेले असावे, हा पहिला दंडक.

या तक्त्याला आम्ही भावापेक्षा शेऱ्याचे रकाने अधिक ठेवले. नोंद करणाऱ्याने सकाळचे सत्र की दुपारचे, सुटा माल की गोणी, कोणती प्रत, अंदाजे किती वाहने पाहिली, आणि ऐकीव किती व प्रत्यक्ष किती, हे लिहिलेच पाहिजे असा आग्रह धरला. आरंभी याची अनेकांना तसदी वाटे. भाव सांगून मोकळे व्हावे, हा नाना तपशील कशाला, अशी हरकत येई. सेवानिवृत्त कारकून, ज्यांना आम्ही सर्व अण्णा म्हणत असू, यांनी ती हरकत मोठ्या शांतपणे दूर केली. समितीच्या दप्तरात हयात घालवलेल्या त्या गृहस्थांना ठाऊक होते की नोंद बिघडते ती लबाडीपेक्षा थकव्याने अधिक. आदल्या दिवसाचा आकडा पुढल्या दिवशी तसाच उतरवला जातो, सुटीच्या दिवशी रकाना रिकामा ठेवण्याऐवजी अंदाज भरला जातो, आणि वर्षाअखेर त्या अंदाजांवर मोठमोठे निष्कर्ष उभारले जातात. ‘जे पाहिलं नाही तिथं रेघ मारायची, पोरांनो, रेघ ही पण नोंदच आहे,’ असे ते विद्यार्थ्यांना सांगत. आमच्या तक्त्यातल्या आडव्या रेघांकडे बोट दाखवून काहींनी काम अपुरे असल्याची टीका केली. मला मात्र संपूर्ण तक्त्यात त्या रेघांइतके विश्वासार्ह दुसरे काही वाटत नाही.

पुढे आम्ही शेतकऱ्यांच्या हिशेबपट्ट्या गोळा करू लागलो, आणि माझ्या मते सर्व उपक्रमाचा मोलाचा भाग तोच ठरला. शेतकऱ्याने आपल्या पट्टीचे छायाचित्र पाठवावे, विद्यार्थ्यांनी त्यावरील नावे व क्रमांक झाकून आकडे उतरून घ्यावेत आणि मूळ छायाचित्र पुसून टाकावे, अशी तजवीज केली. पुकारलेला भाव एक, आणि हमाली, तोलाई, वाहतूक वजा जाता पदरात पडलेला भाव दुसरा. शिवाय खळ्यावर गाडी रिकामी होताना खालच्या थरातील माल वरच्यासारखा निघाला नाही म्हणून भाव तोडला गेला असेल, तर तो तिसरा. जाहीर नोंदीत पहिलाच भाव येतो. फळे आणि भाजीपाल्यावरील अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यावी असा निर्णय राज्य सरकारने २०१६ मध्ये केला. त्या निर्णयाचा अंमल कोठे कसा होतो याची चर्चा सभांतून वर्षानुवर्षे चालली, परंतु पट्ट्या शेजारीशेजारी ठेवल्यावर, कोणत्या ठिकाणी वजावट कोणत्या नावाने होते हे ज्याला वाचता येते त्या प्रत्येकाला दिसू लागले. एका बाजारात, ज्याचे नाव घेण्याचे कारण नाही, वजावटीचा एक रकाना इतर कोठेही आढळत नव्हता. आमच्यापैकी कोणी आरोळी ठोकली नाही की निवेदन दिले नाही. तेथीलच काही शेतकऱ्यांनी तक्ता छापून समितीच्या कार्यालयात नेला आणि खुलासा मागितला. पुढच्या हंगामातील पट्ट्यांवर तो रकाना राहिला नाही.

येथे तरुण व्यापाऱ्याविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण शेतकऱ्यांच्या हितासाठी चाललेल्या कामात व्यापाऱ्याचे काय काम असा प्रश्न आम्हांला वारंवार विचारला गेला. त्याचे म्हणणे असे, की लहान व्यापारीही अज्ञानाने तितकाच पिडला जातो. दूरच्या राज्यातील मागणीचा खरा अंदाज मोठ्या घराण्यांना असतो, आणि लहान मनुष्य त्यांच्या बोलीच्या मागे अंधारात धावतो. तो आम्हांला बाहेर जाणाऱ्या गाड्यांची, गोणीच्या दराची, माल उतरण्यास लागणाऱ्या दिवसांची माहिती देऊ लागला, तेव्हा तक्त्याची दुसरी बाजू प्रथमच भरली. ज्ञान उभय पक्षांना सारखे मिळाले म्हणजे सौदा मोडत नाही, उलट लवकर आणि कमी कटुतेने जुळतो, हे मी लिलावाच्या रांगेत उभा राहून पाहिले आहे. मात्र एक सीमा आम्ही कटाक्षाने पाळली: झालेल्या सौद्याची नोंद करावी, उद्या कोणी कोणत्या भावाने बोली लावावी वा कोणत्या भावाखाली विकू नये याविषयी अक्षरही लिहू नये. तसे लिहिण्याची विनंती दोन्ही बाजूंनी आली, आणि दोन्ही बाजूंना सारखेच उत्तर दिले.

अफवेशी झुंज हा या कामातील सर्वांत कष्टाचा भाग. कांद्याच्या भावाला निसर्गाइतकेच दिल्लीच्या आदेशांचे भय असते. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क बसले, ऑक्टोबरच्या अखेरीस टनामागे ८०० डॉलर किमान निर्यातमूल्य आले, आणि ७ डिसेंबरच्या अधिसूचनेने निर्यातच बंद झाली, ती थेट ४ मे २०२४ ला, ५५० डॉलरच्या किमान मूल्यासह आणि ४० टक्के शुल्कासह, पुन्हा सुरू झाली. त्या डिसेंबरमध्ये बंदीची वार्ता रात्री ज्या वेगाने भ्रमणध्वनींवरून पसरली आणि तिच्यासोबत ज्या भ्रामक कहाण्या पसरल्या त्यांचा विचार केला म्हणजे अजून मन अस्वस्थ होते. कोणी म्हणे बंदी एका महिन्याची, कोणी म्हणे कायमची. बंदरावर पोचलेला मालही परत येणार असेही सांगितले जात होते. आम्ही त्या रात्री कोणताही भाव प्रसिद्ध केला नाही. मूळ अधिसूचना मिळवली, ती साऱ्यांनी मिळून पुन्हापुन्हा वाचली, आणि बंदीची मुदत ३१ मार्च २०२४ पर्यंत आहे व जहाजावर भरणे आधीच सुरू झालेल्या मालासारख्या काही प्रकरणी सवलत आहे, एवढाच मजकूर मराठीत, मूळ प्रतीसह, सर्वांकडे पोचवला. दुसऱ्या दिवशी भाव कोसळायचे ते कोसळलेच, ठिकठिकाणी लिलाव बंद पडले, शेतकरी रस्त्यावर आले. आमच्या त्या चार ओळींनी कोणाचा एक रुपया वाचला असा माझा दावा नाही. परंतु बंदी कायमची आहे असे सांगून घरातला माल त्याच रात्री मातीमोलाने मागणाऱ्यांना काही गावांत नकार मिळाला, आणि नकार देणाऱ्याच्या हातात तो मराठी मजकूर होता.

मोफत माहितीने शेतकऱ्याचे उत्पन्न वाढते काय, या प्रश्नाला भावनेने उत्तर देऊ नये म्हणून मी या विषयावरील संशोधन शक्य तेवढे वाचले. उत्तर केरळच्या किनाऱ्यावर १९९७ ते २००१ या काळात भ्रमणध्वनी आला तेव्हा तारली पकडणाऱ्या कोळ्यांच्या व्यवहारात काय पालट झाला याचा रॉबर्ट जेन्सन यांनी अभ्यास केला. किनाऱ्याकिनाऱ्यांतील भावांची तफावत ओसरली, विक्रीवाचून वाया जाणारी मासळी उरली नाही, कोळ्यांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली. हा निबंध वाचून कोणाचेही मन उल्हसित व्हावे. पण आपल्याच महाराष्ट्रात घडलेला दुसरा प्रयोग मला अधिक विचार करण्यास लावतो. २००७ साली येथे ‘रॉयटर्स मार्केट लाइट’ ही लघुसंदेशांतून भाव आणि हवामान कळवणारी सेवा सुरू झाली. मार्सेल फाफशाँ आणि बार्ट मिन्टेन यांनी १०० गावांत पाहणी करून, काहींना ही सेवा एक वर्ष विनामूल्य देऊन, तिचा परिणाम मोजला. शेतकऱ्यांना मिळालेल्या भावात म्हणण्याजोगा फरक आढळला नाही. मध्य प्रदेशात ‘ई-चौपाल’ या खेड्यांतील संगणक-केंद्रांमुळे सोयाबीनचे भाव सरासरी एक ते तीन टक्के चढल्याचे अपर्णा गोयल यांच्या अभ्यासातून दिसले, पण तेथे नुसता भाव कळत नव्हता, त्या भावाने माल घेणारा दुसरा खरेदीदारही समोर उभा होता.

या तिन्ही अभ्यासांचा मेळ घालताना मला जे प्रतीत झाले ते असे. कोळ्याची होडी समुद्रात असते तोवर ती कोणत्याही किनाऱ्याकडे वळू शकते. भाव कळण्याचा क्षण आणि निर्णयाचा क्षण एकच असतो. कांद्याची ट्रॉली एकदा भरून बाजाराच्या दारात उभी राहिली की दुसऱ्या बाजाराचा भाव अधिक आहे हे कळून उपयोग नाही. डिझेल, दिवस आणि मजुरी यांचा जमाखर्च तिला परत फिरू देत नाही. म्हणून ज्ञान पोचण्याची वेळ माल भरण्याच्या आदल्या संध्याकाळची असली पाहिजे, आणि त्या वेळी शेतकऱ्याला भावापेक्षाही अधिक हवे असते ते हे, की उद्या कोणता बाजार बंद आहे, कोठे वाहनांची रांग रात्रीच लागली आहे, कोणत्या आवारात आवक एकाएकी फुगली आहे. अमावास्येला लिलाव बंद ठेवण्याची प्रथा नाशिककडच्या बाजारांत दीर्घकाळ होती. त्यात शनिवार-रविवार आणि सण यांची भर पडली की सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी बाजार तुंबणारच, हे गणित कोणालाही करता यावे. आमच्या तक्त्यातील सर्वांत अधिक पाहिला जाणारा भाग कोणता, असे विचारले तर तो भावाचा रकाना नाही. बाजारांच्या सुट्या आणि आदल्या रात्रीच्या रांगा, हेच लोक आधी उघडून पाहतात.

आणि त्यानंतरही एक भिंत उरते, ती माहितीने पडत नाही. निफाड तालुक्यातील एका वडीलधाऱ्या शेतकऱ्यांनी मला आपल्या चाळीपाशी उभे राहून जे सांगितले ते मी अनेक सभांत सांगत आलो आहे. त्यांचा मुलगा आमच्या तक्त्याचा नियमित वाचक, पुढील दोन महिन्यांत आवक घटणार हे त्याने वडिलांना समजावून दिलेले. आणि तरीही माल त्याच आठवड्यात विक्रीस निघाला होता. ‘भाऊ, तुमचा कागद खरा आहे, पोरगं वाचून दाखवतं मला. पण सोसायटीचा भरणा मार्चअखेर करायचाय, आन् चाळीच्या पाखाड्याला ताडपत्री टाकून पावसाळा काढता येत नाही. थांबणाऱ्याला तुमचा कागद उपयोगी. मला थांबायला लावणारा कागद कुठं मिळतो ते सांगा.’ चार-पाच महिन्यांच्या साठवणीत कांद्याची घट तिसऱ्या हिश्शापर्यंत सहज जाते, हे त्यांना माझ्याहून अधिक ठाऊक होते. या भेटीनंतर आम्ही साठवणीतील घटीची नोंद ठेवू लागलो: चाळीची रुंदी, छप्पर कशाचे, भरण्यापूर्वी माल किती दिवस वाळवला, दर महिन्याला किती सडला. सव्वाशे-दीडशे क्विंटलच्या चाळीत थांबण्याची खरी किंमत काय पडते, हे आता निदान भावाच्या शेजारी मांडता येते. थांबण्याचे सामर्थ्य मात्र पतपुरवठ्याच्या आणि गोदामाच्या व्यवस्थेतूनच यावे लागेल, आणि ती मागणी करणाऱ्यांच्या हाती या नोंदी द्याव्यात एवढेच आमच्या आवाक्यात आहे.

मोकळ्या ज्ञानाच्या वाटेवर एक कठीण प्रसंग असाही आला, की एका व्यापारी संस्थेने आमचा तक्ता जसाच्या तसा उचलून, आमचा नामोल्लेख न करता, आपल्या वर्गणीदारांना विकला. अनेक सहकाऱ्यांना संताप आला आणि तक्ता सभासदांपुरता बंद करावा असा ठराव पुढे आला. अण्णा त्या ठरावाच्या विरुद्ध होते, मीही होतो. कुलूप घातले तर ती संस्था दुसऱ्या वाटेने माहिती मिळवीलच. वाट बंद होईल ती गावातल्या त्या पोराची, जो वडिलांना संध्याकाळी वाचून दाखवतो. बराच खल होऊन शेवटी असे ठरले, की तक्ता सर्वांना खुलाच राहील, विकण्यासही मनाई नाही. परंतु जो कोणी तो वापरील त्याने उगम सांगावा, शेऱ्यांचे रकाने गाळू नयेत, आणि त्यात जी भर घालील ती याच शर्तीवर पुन्हा खुली करावी. ही शर्त मराठीत व इंग्रजीत तक्त्याच्या शिरोभागी नोंदवली. त्या संस्थेला आम्ही पत्र लिहिले; उत्तर आले नाही, मात्र तिच्या पुढील अहवालात उगमाची ओळ आली.

सध्या सोलापूरकडील काही मंडळी आपल्या गोणीबाजारासाठी अशीच व्यवस्था उभारीत आहेत. आमचे रकाने त्यांना जसेच्या तसे लागू पडत नाहीत, कारण तेथे एकाच दिवशी किमान आणि कमाल भावांत जी प्रचंड दरी पडते तिचा उलगडा वाहन मोजून होत नाही. प्रत्येक वक्कलाची, म्हणजे एकत्र विक्रीस मांडलेल्या गोण्यांच्या थप्पीची, प्रत स्वतंत्र पाहावी लागते. विद्यार्थ्यांनी त्यासाठी नवा नमुना तयार केला आहे, अण्णांनी त्यात गोणीचे वजन आणि बारदान यांचे दोन रकाने वाढवण्यास सांगितले आहे, आणि येत्या लाल कांद्याच्या हंगामापासून दोन्हीकडच्या नोंदी एका मापावर आणून शेजारीशेजारी ठेवण्याचे काम सुरू होणार आहे.